अर्सेलीची नखं

३ फेब्रुवारी

अर्सेली काल हाँगकाँगहून आली. सहा वर्षांनी. ही डायरी तिनेच दोन नाताळांपूर्वी खोक्यातून पाठवली होती, साबणाच्या वड्यांमध्ये ठेवून, म्हणून पानांना अजून साबणाचा वास येतो. मी बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा माणूस, डायरीत काय लिहिणार? कोरीच राहिली. पण आज डोक्यात नुसता गोंधळ माजलाय, कुठेतरी ओतला पाहिजे.

बोट धक्क्याला लागली तेव्हा मी बायकोला ओळखलं नाही, हे खरं. आधी हात दिसले. बॅगेच्या पट्ट्यावर दहा नखं. लांब, टोकदार, पिकल्या जांभळाच्या रंगाची, आणि दोन्ही अनामिकांवर एकेक चमकता खडा. मग वर बघितलं तर अर्सेली. बारीक झाली आहे.

ती गेली तेव्हा जेलिन तीन वर्षांची होती. पोरगी आठवडाभर सांगत होती, मी धावत जाणार, मी सगळ्यांच्या आधी जाणार. गेली नाही. आजीच्या झग्यामागे जाऊन उभी राहिली. अर्सेलीने गालाला हात लावायला पुढे केला तर मागे सरकली आणि अगदी सभ्यपणे म्हणाली, "थँक यू, तिता." शेजारपाजारच्या मावशीला म्हणतात तसं; आईला आमच्याकडे मामा म्हणतात. अर्सेली हसली. हे असलं हसू तिच्याकडे पूर्वी नव्हतं.

संध्याकाळी भांडी घासताना नानाय, म्हणजे माझी आई, माझ्या कानाशी लागली. "दुसऱ्याच्या घरची लादी पुसणाऱ्या बाईचे हात हे? मग मीही जाते उद्यापासून हाँगकाँगला."

मी म्हटलं, नानाय, हळू बोल. पण माझ्या मनात दुसरं काय होतं?

५ फेब्रुवारी

आज सुका मासा आणि भात. आमच्याकडे हे हातानेच खातात. अर्सेली चमच्याने खात होती. कपडे धुताना कोपरापर्यंत रबरी मोजे. झोपताना हात उशीखाली. बसली की मुठी मिटलेल्या, नखं तळहातात रुतवून.

धक्क्यावर प्रवासी बोट चालवणाऱ्या बोयेतने चारचौघांत विचारलं, "काय रे नोनिंग, महाराणी आली म्हणे तुझी! मग ब्लाऊजची बटणं कोण लावतं तिची? तूच का?"

सगळे हसले. मीही हसलो. नाहीतर काय करणार? इंजिनाचा नट मात्र मी इतका आवळला की आटे गेले.

घरी येऊन सरळ विचारलं. "कोणी केली ही नखं?"

"ग्लेन्डाने."

"ती पार्लरवाली आहे?"

"नाही रे. माझ्यासारखीच. त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर काम करते. शेवटच्या रविवारी पुलाखाली बसून केली. पुठ्ठा टाकून."

"रस्त्यावर? पुठ्ठ्यावर?"

"सगळ्या तिथेच बसतो रविवारी. कोणी केस कापतं, कोणी नखं करतं. घरात बसायला जागा नसते ना."

हे मला समजत नाही. ज्या घरात सहा दिवस राहते, झोपते, तिथे सातव्या दिवशी बसायला जागा नाही?

"आणि एवढी लांब कशाला?"

"मीच सांगितलं तिला. लांबात लांब कर, जाडात जाड कर."

"पण कशाला?"

तिने मुठी मिटल्या. "छान दिसतात," म्हणाली.

८ फेब्रुवारी

शाळेत जाण्याआधी अर्सेलीने जेलिनची वेणी घालायला घेतली. खडा केसात अडकला. सुटेना. जेलिन रडली, तोंड दाबून, पाहुण्यांसमोर रडतात तशी. शेवटी नानायने कात्रीने बट कापली आणि काहीच बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

अर्सेली मागच्या पंपावर गेली आणि बराच वेळ पाणी हापसत राहिली. बादली कधीच भरून वाहत होती.

११ फेब्रुवारी

दुपारी जेवायला आलो तर ती फोनवर. परदेशी कामाला पाठवणाऱ्या एजन्सीची बाई. तिचा आवाज बाहेरपर्यंत ऐकू येतो. मार्चमध्ये नवीन घर आहे, म्हातारं जोडपं, मुलं नाहीत, काम हलकं. अर्सेली म्हणाली, "महिनाअखेरीस सांगते."

म्हणजे ती 'नाही' म्हणाली नाही. मी दारात उभा होतो.

"परत जायचंय?"

"मी काही बोलले का?"

"तेच विचारतोय. बोलत का नाहीस?"

"तुझ्या आईला मी नको आहे. जेलिनला माझी भीती वाटते. तू माझ्या तोंडाकडे न बघता हातांकडे बघतोस. मी बोलू काय, नोनिंग?"

मी म्हटलं, "मग ती काढून टाक ना एकदाची!"

ती म्हणाली, "काढली तर तुला बरं वाटेल?"

मी हो म्हटलं. तिने माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. कीव कशाची? इथे राहिलेला मी, पोर वाढवणारा मी. मला कळत नाही. जाण्यासाठीच ही नखं जपते आहे का? की नखं नीट असली की तिकडे जास्त पगार देतात? काहीतरी असणारच.

१४ फेब्रुवारी

पंपाच्या दांड्यात तिच्या उजव्या अंगठ्याचं नख अडकलं. नखावरचं जेल, म्हणजे तो जांभळा थर, एका बाजूने उचकटलं. मी पकडून बघितलं तर खालची फट हिरवट दिसत होती, शेवाळ धरल्यासारखी. पाणी आत शिरून बसलेलं.

मी म्हटलं, थांब, माझ्याकडे पातळ लोखंडी पट्टी आहे. बोटीच्या तळावरचे जुने थर मी रोज काढतो, नख म्हणजे काय मोठं! ती नको म्हणत होती. मग अचानक तिने हात पुढे केला आणि मान फिरवली.

पट्टी आत सारून मी उचललं. कट्‌ असा आवाज आला. जेलचा तुकडा सुटला, पण त्याला नखाचा पांढरा पापुद्रा चिकटून आला. रक्त. अर्सेली हात काखेत दाबून खाली बसली.

"चल, पलीकडे इलोइलोला जाऊ. मानांग बेबेथच्या पार्लरमध्ये. ती घरचीच आहे."

"नाही."

"अगं, का नाही?"

"तिथे लोक बसलेले असतात."

"बसू देत की!"

"नोनिंग, तुला काढायची असतील तर तू इथे काढ. पार्लरमध्ये नाही."

आजवर मला वाटत होतं तिला ती सगळ्यांना दाखवायची आहेत. आता दाखवायची नाहीत. मला खरोखर काही कळेनासं झालंय.

१५ फेब्रुवारी

पहिल्या बोटीने पलीकडे गेलो. बेबेथ माझी चुलत बहीण, वयाने मोठी, म्हणून मानांग. तिच्या पार्लरमध्ये शिरताना आजूबाजूला बोयेत नाही ना, हे बघून घेतलं. सगळं ऐकल्यावर तिने कपाळाला हात लावला.

"मेल्या, बायकोची नखं काढतोयस की बोटीचा तळ खरवडतोयस? अक्कल गहाण ठेवलीस का?"

"मग कशी काढतात?"

"काढत नाहीत. सोडवतात. हे जेल म्हणजे तू बोटींना लावतोस त्या रेझिनचं चुलत भावंड. दिव्याखाली घट्ट होतं. ओढलंस की नखाची साल घेऊन येणार. ते आपणहून सुटलं पाहिजे."

"म्हणजे ॲसिटोन ना? आहे की, बोटींच्या यार्डात डबे भरून आहे."

"तुझ्या डब्यात आणखी काय काय पडलंय ते देव जाणे. ही बाटली ने. आता कान देऊन ऐक."

आणि तिने मला खुर्चीवर बसवून माझ्याच बोटावर शिकवलं. आधी लांबी कापून टाकायची. मग वरची चकाकी कानशीने घासायची, फक्त चकाकी, खालच्या नखाला कानस लागता कामा नये. भोवतीच्या कातडीला व्हॅसलीन. कापसाचा नखाएवढाच बोळा भिजवून वर ठेवायचा, त्यावर फॉईल गुंडाळायचं. पंधरा मिनिटं गप्प बसायचं. मग लाकडी काडीने मुळाकडून टोकाकडे हलकेच ढकलायचं. गेलं तर गेलं, नाहीतर पुन्हा बांधायचं.

"जोर करावासा वाटेल तुला. करू नकोस. तिथे तुम्हा पुरुषांची गाडी अडते. आणि जखमेच्या अंगठ्याला ॲसिटोन दाखवायचं नाही. तो भरू दे. हिरवं दिसतंय ते आरोग्य केंद्रात दाखव."

"बरं."

"दारं-खिडक्या उघड्या. चूल बंद, सिगारेट बंद. बाटली गरम करायला जाशील तर घर जाळशील."

मी निघालो तेव्हा ती दारापर्यंत आली. "ती स्वतः का नाही आली रे?"

"लोक असतात म्हणे."

बेबेथने गल्ल्याजवळ बसलेल्या दोन गिऱ्हाइकांकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "तिकडून परत आलेल्या खूपजणी माझ्याकडे येतात. मी आतलं बघते आणि तोंड बंद ठेवते. तूही ठेव."

"आतलं म्हणजे काय?"

"कानस हलकी चालव," ती म्हणाली आणि आत गेली.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज काढली. सगळं लिहून ठेवतो.

चर्चमधली मिस्सा आटोपून आलो. बांबूचा बाक अंगणात आंब्याखाली ओढला. टॉवेल, बशी, कापूस, फॉईल, खोबरेल. अर्सेली समोर बसली, परीक्षेला बसल्यासारखी. जेलिन ओसरीच्या पायरीवर गृहपाठ घेऊन बसली होती, पण तिची पेन्सिल हलत नव्हती.

आधी कापली. जांभळी टोकं टॉवेलवर पडली तेव्हा अर्सेली एकदम म्हणाली, "ग्लेन्डाचा सबंध रविवार गेला होता यांच्यावर. जेवलीसुद्धा नाही."

"रडली का ती? तू येताना?"

"ती रडत नाही. पुठ्ठा घडी करून काखेत मारला आणि गेली. पुढच्या रविवारी लागतो ना."

मी चकाकी घासली. गुलाबी-जांभळी भुकटी माझ्या मांडीवर. इंजिनाच्या झडपा मी अशाच घासतो, तेवढं मला येतं. तिचा हात माझ्या हातात इतका वेळ लग्नानंतरही कधी नव्हता. बोटांच्या टोकांची कातडी गुळगुळीत झाली आहे, रेषाच नाहीत. वाळूत वर्षानुवर्षं पडलेल्या शिंपल्यासारखी.

फॉईल बांधून झालं. नऊ बोटांना चंदेरी टोप्या. अंगठ्याला पट्टी. जेलिनला हसू आलं, तिने ते वहीत दाबलं.

तेवढ्यात नानाय मागच्या दारातून आली, हातात पेटत्या कोळशांची शेगडी, रविवारचा मासा भाजायला. आणि थेट आमच्या बाकाकडे.

"नानाय! मागे! मागे हो!" मी इतक्या जोरात ओरडलो की शेजारच्या कोंबड्या उडाल्या.

"माझ्याच अंगणात मलाच मागे हो म्हणतोस? तिच्या नखांसाठी?"

"अगं, पेटेल हे! पेट्रोलसारखं आहे!"

"पेटू दे!" असं ती म्हणाली खरी, पण शेगडी घेऊन झपाट्याने कुंपणापर्यंत मागे गेली. तिथून बघत राहिली. मासा विसरली.

पंधरा मिनिटांनी पहिली टोपी काढली. करंगळी. जेल सुरकुतलं होतं, दुधावरच्या सायीसारखं. काडीने ढकललं आणि ते सरकलं. जोर लागलाच नाही. मला केवढा आनंद झाला! मग खालचं नख बघितलं.

नख अर्धंच होतं. म्हणजे टोकाकडून नव्हतंच. आखूड, वेडंवाकडं, कडा दातेरी, आणि बाजूचं मांस वर आलेलं. दुसरं तसंच. तिसरं तसंच. मधल्या बोटाचं जेल निघेना, मला जोर करावासा वाटलाच, पण बेबेथचा चेहरा आठवला. पुन्हा कापूस, पुन्हा टोपी.

"हे काय झालं?" मी विचारलं.

"साबण," अर्सेली म्हणाली. "ब्लीच. दिवसभर हात पाण्यात."

मी मान हलवली. पण साबणाने नख असं टोकाकडून जातं का? धोबिणींची नखं मी पाहिली आहेत. विचारणार होतो, मग तोंड बंद ठेवलं.

शेवटची टोपी निघाली. तिने दोन्ही हात टॉवेलखाली घेतले. कुंपणाजवळून नानाय काही बोलली नाही, हे मी मुद्दाम नोंदवतो.

जेलिन कधी उठून आली कळलं नाही. तिने टॉवेलचं टोक उचललं. निरखून बघितलं, एकेक बोट.

"तूपण खातेस!" ती म्हणाली.

अर्सेलीने हात झाकले नाहीत.

"ही करंगळी सगळ्यात कठीण असते ना? दातात नीट येतच नाही." आणि तिने आपले दोन्ही हात आईच्या हातांशेजारी टॉवेलवर ठेवले. दहाही नखं कुरतडलेली. तशीच. जणू एकाच साच्यातून काढलेली. रोज जेवताना हे हात माझ्यासमोर असतात. मला माहीतच नव्हतं!

"लोला मिरची लावते," जेलिन नानायकडे बोट दाखवत म्हणाली. "तरी खाता येतं. आधी चाटून टाकायची."

"मला ब्लीचची चव लागायची," अर्सेली म्हणाली. "तरी खाल्ली."

"कधी खायचीस?"

"रविवारी जास्त. घरी फोन झाल्यावर."

"मीपण फोन झाल्यावर," जेलिन म्हणाली.

मग दोघी हसायला लागल्या. थांबेचनात. अर्सेलीच्या डोळ्यांतून पाणी, तरी हसते आहे. उद्ध्वस्त नखांत एवढं हसण्यासारखं काय आहे? मी खोबरेलाची वाटी घेऊन उभा. कोणाच्या बोटाला आधी लावायचं तेही कळेना. जेलिननेच बोट पुढे केलं. "मला पण लाव, ताताय."

एकोणीस बोटांना लावलं, विसावं पट्टीत होतं.

१७ फेब्रुवारी

नानायला विचारलं, जेलिन नखं खाते हे मला का सांगितलं नाहीस?

"कधीपासून खाते आहे! तुला काय सांगायचं? तू म्हणाला असतास, इंजिनाला तेल घालतो."

आणखी एक. आज सकाळी नानायने मिरच्यांची बाटली फडताळात मागे सरकवली आणि अर्सेलीच्या ताटात माशाची पोटाकडची तुकडी वाढली. तोंडाने मात्र म्हणाली, "काटे बघून खा, हाताची कामं जमणार आहेत का आता?" म्हणजे राग गेला की राहिला?

२१ फेब्रुवारी

आरोग्य केंद्रातल्या नर्सने अंगठा पाहिला. जंतू शिरलेत, औषध घाला, कोरडा ठेवा, वर काही लावू नका, नवं नख यायला काही महिने लागतील. अर्सेलीने लगेच विचारलं, "म्हणजे मार्चमध्ये असं पाण्यात काम चालणार नाही?" नर्स म्हणाली, मोजे घाला.

मार्च. अजून मार्चच.

रस्त्यात मी म्हटलं, "तुला जायचंय तर जा. मी अडवणार नाही." मला वाटलं मी मोठ्या मनाने बोललो.

ती चिडली. "अडवणार नाहीस. गेल्या वेळीही नाही अडवलंस."

तेव्हा आम्ही दोघांनी मिळूनच ठरवलं होतं! मी तसं म्हटलं. ती म्हणाली, "हो, ठरवलं होतं." मग चूक कोणाची? काही उत्तर दिलं असतं तर भांडलो तरी असतो.

२८ फेब्रुवारी

आज शेवटची तारीख. अर्सेली सकाळी नीट कपडे करून पासपोर्ट पिशवीत घालून निघाली. एजन्सीत जाते म्हणाली. जेलिनला शाळा होती. तिने दप्तर खाली ठेवलं आणि आईच्या मागे चालू लागली. नानाय ओरडली, "शाळा कोण करणार?" कोणी ऐकलं नाही.

मी दिवसभर धक्क्यावर. बोयेतचं इंजिन उघडलं, परत तसंच बंद केलं. तो म्हणाला, "अरे, दुरुस्त केलंस की नुसतं बघितलंस?" मी पुन्हा पाना उचलला.

दुपारी तिसऱ्या फेरीला, बोयेतच्याच बोटीने आल्या. मी दोर धरायला धावलो. अर्सेलीच्या चेहऱ्यावरून काहीच कळेना. शेवटी विचारलं, "सही केलीस?"

"सहीच्या आधी बोटांचे ठसे घेतात. यंत्रावर."

"मग?"

"उमटेनात. एक नाही, दहातलं एक नाही. बाई म्हणाली, पुसून परत दाबा. पुसलं, दाबलं. काचेवर नुसता धूर बसल्यासारखं. ती म्हणाली, जोर द्या. मी जोर दिला. मग तिने स्वतः माझं बोट धरलं आणि वरून दाबलं. जखमेचं. मी 'आई गं' म्हटलं."

"आणि?"

अर्सेलीने जेलिनकडे बघितलं. जेलिन दुसरीकडे बघत होती.

"हिने माझा हात तिच्या हातातून ओढून घेतला. सगळ्या ऑफिससमोर. म्हणाली, 'पुरे. ही माझी मामा आहे.' ती बाई म्हणाली, बाळ, आत्ता नाही झालं तर ते घर दुसऱ्या कोणाला जाईल. ही म्हणाली, 'जाऊ दे.'"

"मग तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, तिने सांगितलंय ना आता."

बोट रिकामी झाली. मागच्या माणसांनी ढकलायला सुरुवात केली, तरी आम्ही तिघं फळीवरच उभे. मला खूप विचारायचं होतं. तुझा पगार नाही तर छपराचं काय, जेलिनच्या पुढच्या शाळेचं काय, तू इथे काय करणार, तुला पश्चात्ताप झाला तर? यांतलं एकही मी विचारलं नाही. विचारलं ते भलतंच. "दुखतंय का अंगठा?"

"दुखतोय," अर्सेली म्हणाली. आल्यापासून पहिल्यांदा तिला काही दुखतंय असं ती मला म्हणाली.

"ओ नोनिंग!" बोयेत बोटीवरून ओरडला. "संसार घरी जाऊन करा, दोर सोडा माझा!"

दोर माझ्याच हातात होता.